‘रायला’ म्हणून चिडवतात : शाळेत त्रास सोसणाऱ्या लेकराच्या पाठीशी कसं उभं राहायचं?

वऱ्हाडची_लेक | ९ नोव्हेंबर, रात्री ११.४०

इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे अमरावतीचे. नवऱ्याची बदली झाली म्हणून जूनमध्ये पुण्यात आलो. मुलगा ११ वर्षांचा, सहावीत. तिकडे सेमी-इंग्रजी होतं, इथेही सेमीच मिळालं, म्हणून वाटलं फार जड जाणार नाही. अभ्यास जड गेलाही नाही.

गणपतीनंतर डबा तसाच परत यायला लागला. विचारलं की "भूक नव्हती". रविवारी संध्याकाळी पोटात दुखायचं आणि सोमवारी व्हॅन निघून गेली की थांबायचं. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. पाण्याची बाटली तीनदा हरवली, दफ्तराची चेन दोनदा तुटली. मी त्यालाच रागावले, वेंधळा म्हटलं. ते आठवलं की आता जेवण जात नाही.

दिवाळीत माझ्या आईचा फोन आला होता. एरवी आजी-नातवाचं अर्धा-अर्धा तास चालायचं. या वेळी तो मध्येच म्हणाला, "आजी, ‘तुले’ नको ना म्हणू. ‘तुला’ म्हण." आई हसली. म्हणाली, "काऊन रे बापा, आजीचं बोलणं नाई आवडत का तुले?" त्याने फोन माझ्या हातात दिला आणि आत निघून गेला.

परवा भूगोलाच्या वहीवर सही करायला बसले. मागच्या पानावर पट्टीने रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडे मले, तुले, कायले, काऊन, माहं, पाय ना. उजवीकडे मला, तुला, कशाला, का, माझं, बघ ना. सगळ्यात खाली डावीकडे ‘करून रायलो’ आणि उजवीकडे खाडाखोड: करतो आहे, करत आहे, करतोय. ‘करतोय’खाली दोन रेघा. इतकं सुंदर अक्षर त्याने शुद्धलेखनाच्या वहीतही कधी काढलं नव्हतं.

त्या रात्री दिवा मालवल्यावर थोडं थोडं बाहेर आलं. जूनच्या पहिल्या आठवड्यातच मॅडमनी विचारलं, वहीत उतरवून झालं का? हा म्हणाला, "मॅडम, लिहून रायलो." वर्ग हसला. तेव्हापासून त्याचं नाव ‘रायला’. मधल्या सुट्टीत "ए रायला, काय खाऊन रायला?" म्हणत चार-पाच जण डब्याभोवती जमतात. बाटली हरवत नव्हती, लपवली जात होती. व्हॅनमध्ये चिमटे. शेवटी म्हणाला, "तू कोणाला सांगू नको, नाहीतर मी तुला पुढचं सांगणार नाही."

नवरा म्हणतो, दुर्लक्ष कर म्हणावं, थकतील आपोआप. मी न राहवून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मुलं गमतीत म्हणतात हो. आणि आता त्याची भाषा बघा ना किती सुधारलीय."

सुधारलीय. यावर मला काही बोलताच आलं नाही.

मी काय करू?

---

अप्पा६१ | १० नोव्हेंबर, सकाळी ६.१५

पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या वेळी कुणी काळ्या, कुणी बोबड्या, कुणी ढब्ब्या. कुणी मेलं नाही त्याने. त्याला सांग, एकदाच जो म्होरक्या आहे त्याला दोन ठेवून दे. परत नाव घेणार नाही. मुलगा आहे, खंबीर व्हायला हवा.

---

निवासी | १० नोव्हेंबर, सकाळी ९.०२

अप्पा, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो, मी त्या ‘बोबड्यां’पैकी एक.

पाचवीला घरच्यांनी मला एका निवासी शाळेत घातलं. मी अडखळत बोलायचो. ‘प’ आणि ‘क’ यांच्यावर गाडी अडायची. हजेरीला माझा नंबर आला की दोन रांगा एकदम ‘प-प-प-प’ करायच्या. ‘प्रेझेंट’ म्हणायला लागू नये म्हणून मी हात वर करायला शिकलो, तर सर म्हणायचे तोंड नाही का.

सातवीत वडिलांना सांगितलं. त्यांनी त्याच आठवड्यात शाळा गाठली. वर्गात येऊन, सगळ्यांसमोर, कोण तो पुढे या म्हणून ओरडले. त्यांचं प्रेमच होतं ते, आज मला कळतं. पण ते संध्याकाळच्या एस्टीने घरी गेले आणि मी रात्री त्याच खोलीत त्याच नऊ जणांबरोबर झोपलो. त्यानंतर दहावीपर्यंत मी घरी एक शब्द बोललो नाही. पत्रात ‘मी येथे मजेत आहे’ लिहायचो.

आणि उलटून मारायचं म्हणता, तेही करून पाहिलं. नववीत एकाला कंपासपेटी फेकून मारली. गृहपालांनी शिक्षा मला दिली, कारण मारलेलं दिसतं आणि चिडवलेलं दिसत नाही.

ताई, तुमचा मुलगा "कोणाला सांगू नको" म्हणाला ना, ते फार महत्त्वाचं आहे. तो काही लपवून ठेवायला सांगत नाहीये. पुढचं त्याच्या हातात राहू दे एवढंच मागतोय. माझ्या वडिलांनी मला फक्त इतकं विचारायला हवं होतं: "मी काय केलेलं तुला चालेल?" मी म्हणालो असतो, माझी खोली बदलून घ्या. बस. खोली बदलली असती तर अर्धं आयुष्य सोपं झालं असतं.

---

वऱ्हाडची_लेक | १० नोव्हेंबर, सकाळी ९.३०

हे वाचून ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन रडले. मी परवाच मॅडमना फोन करून बसलेय, त्याला न विचारता. आता?

---

निवासी | १० नोव्हेंबर, सकाळी ९.४१

आज त्याला खरं सांगा. "मी फोन केला, तुला विचारायला हवं होतं, चुकलं माझं." दुसऱ्या कुणाकडून कळलं तर कायमचं बंद होईल.

---

खडू_फळा | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ५.५०

मी १९ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतेय. त्या मॅडमच्या जागी मीही कधी उभी होते, म्हणून लिहिते.

माझ्या पहिल्या शाळेत चौथीतला एक मुलगा ‘पाणी’ला ‘पानी’ आणि ‘कोण’ला ‘कोन’ म्हणायचा. एकदा वाचन घेताना मला हसू आलं. मुद्दाम नाही, पण आलं. तो दिवसभर गप्प होता. मला वाटलं, मनावर घेतलं, सुधारेल. महिन्याभराने वर्गातली मुलं त्याला ‘पानी’ अशी हाक मारतात हे मला शिपाईमामांनी सांगितलं. आधी मी हसले, मग वर्ग हसला. बाईंनी ओठ मुडपला की चाळीस मुलांना मोकळीक मिळते. आणि कुणाचा ‘ण’ अशुद्ध ठरतो, कुणाच्या घरची भाषा गावंढळ ठरते, त्यामागे जातही असते, हे आपण शिक्षक उघड बोलत नाही.

आता कामाचं.

हे प्रकार शिक्षकांच्या डोळ्यांसमोर होत नाहीत. तास संपून दुसरे शिक्षक येईपर्यंतची तीन मिनिटं, मुताऱ्या, जिना, डब्याची वेळ, व्हॅन. म्हणून "मॅडम, लक्ष ठेवा" एवढं सांगून भागत नाही. नेमकी जागा आणि वेळ सांगा. "दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाच्या मध्ये, मागच्या दारापाशी" असं सांगितलंत तर मी तिथे उभी राहू शकते.

दुसरं, शाळा बहुधा दोघांना समोरासमोर बसवून हात मिळवायला लावेल. नको म्हणा. दोन मुलांचं भांडण असेल तर समेट चालतो. इथे एक एकटा आणि समोर पाच. तो "हो मॅडम, मिटलं" म्हणणारच, कारण न म्हणून जाणार कुठे? त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याने बोलायचं असतं, आणि ते मोठ्यांनी.

तिसरं, मॅडम तयार असतील तर त्यांना एक तास घ्यायला सांगा. एक केरसुणी टेबलावर ठेवायची आणि विचारायचं, तुमच्या आजीच्या गावी हिला काय म्हणतात? केरसुणी, साळुता, फडा, वाडवण, एकेक निघत जातात. फळा भरतो. फक्त तुमच्या लेकराला उभं करून "तू वऱ्हाडी बोलून दाखव" असं अजिबात करू नये. ते पुन्हा तमाशाच होईल.

---

मोर्शीकर | १० नोव्हेंबर, रात्री ८.२०

ताई, लेकराला सांगा ना की गाडगेबाबा याच बोलीत कीर्तन करत आणि अख्खा महाराष्ट्र ऐकत बसायचा. सरकारने मराठी भाषेचं विद्यापीठ काढलं ते कुठे? आपल्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरले! मान खाली घालायची आपल्याला गरज नाही.

---

निवासी | १० नोव्हेंबर, रात्री ८.५५

मोर्शीकर, हे सांगायलाच हवं, पण थोडं थांबून. मलाही घरचे थोर माणसांची उदाहरणं द्यायचे. मला ऐकू काय यायचं, तर ‘तुझ्या दुःखावर आमच्याकडे उत्तर तयार आहे, तेव्हा पुरे आता.’ आधी त्याचं सगळं ऐकून होऊ दे.

---

उत्तररेषा | ११ नोव्हेंबर, रात्री १२.३०

मी फिनलंडमध्ये, एस्पोला राहते. मुलगी इथल्या शाळेत जाते. इथे ‘किवा’ नावाची पद्धत आहे. फिनिशमध्ये किवा म्हणजे छान, आणि ‘छळाविरुद्ध’ या अर्थाच्या दोन फिनिश शब्दांची आद्याक्षरंही तीच. तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्तिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बसवली आणि २००९पासून देशभरच्या शाळांत गेली.

तिचा गाभा मला फार पटला. छळ दोघांत नसतो, सगळ्या वर्गात असतो. एक पुढाकार घेतो, एक-दोघं हाताखाली असतात, काही जण हसून साथ देतात, बरेचसे बघून न बघितल्यासारखं करतात, आणि एखादाच मध्ये पडतो. पुढाकार घेणाऱ्याला खरं बळ मिळतं हसणाऱ्यांकडून. म्हणून इथले शिक्षक त्रास देणाऱ्यांशी वेगवेगळं बोलतातच, शिवाय वर्गात ज्यांचं वजन आहे अशा दोन-चार मुलांना बाजूला घेऊन सांगतात, याला सोबत करा. काही दिवसांनी पुन्हा सगळ्यांना बोलावून विचारतात, थांबलं का? हे ‘पुन्हा विचारणं’ आपल्याकडे राहूनच जातं.

"चालायचंच" म्हणणाऱ्यांना एक सांगते. नॉर्वेत १९८२च्या अखेरीस तीन मुलांनी छळापायी जीव दिला, तेव्हा तिथल्या सरकारने देशभर मोहीम हाती घेतली. दान ओल्वेउस हे मानसशास्त्रज्ञ त्यात होते. गंमत कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, हे ओळखायला त्यांनी तीन खुणा सांगितल्या: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि ज्याला ते थोपवणं शक्य नाही अशावर केलेलं. अप्पा, तुमच्या मित्रांनी तुम्हाला ढब्ब्या म्हटलं आणि तुम्ही उलट त्यांना काळ्या म्हणू शकलात, तर ती दोस्ती. या लेकराकडे उलट म्हणायला कोण आहे?

(इथे सगळं आलबेल आहे असं नाही. पहिल्या वर्षी माझ्या मुलीलाही डब्यातल्या वासावरून बोलले होते.)

---

अप्पा६१ | ११ नोव्हेंबर, सकाळी ६.४०

रात्री वाचत बसलो. आमच्या वर्गात एक होता, त्याला आम्ही रोज टपली मारायचो. आठवीनंतर तो शाळेत आलाच नाही. का आला नाही, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. ‘कुणी मेलं नाही’ हे वाक्य मागे घेतो.

---

जुईचा_वेल | ११ नोव्हेंबर, दुपारी २.१०

हे लिहू की नको, असा दोन दिवस विचार करतेय. माझा मुलगा दुसऱ्या बाजूचा होता.

गेल्या वर्षी शाळेतून बोलावणं आलं. तो आणि तिघं मिळून एका मुलाची चप्पल रोज कंपाउंडबाहेर फेकायचे. माझा पहिला शब्द होता, "माझा मुलगा असं करणारच नाही." दुसऱ्या दिवशी शाळेचं सीसीटीव्ही दाखवलं. तो फेकत नव्हता. तो हसत उभा होता, आणि एकदा त्याने चप्पल उचलून फेकणाऱ्याच्या हातात दिली.

बाबांनी पट्टा काढला होता, मी मध्ये पडले. त्याला मारून आम्ही त्याला काय शिकवणार होतो, की जो मोठा तो मारतो? चार-पाच दिवस त्याने तोंड उघडलं नाही. मग म्हणाला, "मी हसलो नसतो तर माझी फेकली असती."

मी त्याला माफीचं पत्र लिहायला लावलं नाही. ती चप्पल रोज पावसात फेकली जायची, तिचे बंद सुटले होते. त्याच्या खाऊच्या पैशांतून त्या मापाची नवीन घेतली आणि तो एकटा ती देऊन आला. त्यांची दोस्ती झाली नाही. होईल असंही नाही. पण ताई, तुमच्या लेकाभोवती जे पाच जमतात त्यांतले दोन-तीन नक्की घाबरलेले असतील. त्यांच्या आयांना फोन करताना "तुमच्या मुलाने छळ केला" असं सुरू करू नका, मी फोन आपटला असता. "तुमच्या मुलाची मदत हवी आहे" म्हणा.

---

कोर्टकचेरी | ११ नोव्हेंबर, रात्री १०.०५

थोडी कागदाची बाजू. ११ वर्षांच्या मुलांमागे कायदा लावा असं मी म्हणत नाही, पण शाळेला लेखी द्या. फोनची नोंद राहत नाही. तारीख, जागा, काय झालं, कोण आसपास होतं, एवढंच. विशेषणं नकोत. पत्राची पोच घ्या. वर्गशिक्षिका, मग मुख्याध्यापक, मग संस्था, मग शिक्षणाधिकारी, या पायऱ्या चुकवू नका.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई करतं. त्यात कारवाई सेवानियमांखाली होते, म्हणजे रोख शिक्षकांवर आहे. शाळेत तक्रारपेटी ठेवायची, हा आपल्या राज्याचा २०१७चा आदेश आहे. ती कुठे लावलीय आणि कोण उघडतं, ते सहज विचारा. नुसत्या प्रश्नानेही शाळा जागी होते. जातीवरून हिणवलं जात असेल तर प्रकरण वेगळं आहे, तेव्हा लगेच वकील गाठा.

मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मूल स्वतःही लावू शकतं. मनावर फार परिणाम झालाय असं वाटलं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीतून बोलतात. "मला जगायचंच नाही" असं काही मूल बोललं तर ‘लक्ष वेधून घेतोय’ म्हणून सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टर.

---

वऱ्हाडची_लेक | ३० नोव्हेंबर, रात्री १०.५०

तीन आठवड्यांनी आले. सगळ्यांना नाव घेऊन उत्तर देता येत नाहीये, राग मानू नका.

त्या रात्री त्याला सांगितलं की मी फोन केला होता आणि ते चुकलं. तो बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. मग विचारलं, "मी काय केलेलं तुला चालेल?" मला वाटलं, म्हणेल शाळा बदल, नाहीतर अमरावतीले चाल. तो म्हणाला, "व्हॅनमध्ये मला मागची सीट नको."

मी पाच महिने शाळेचाच विचार करत होते, आणि सगळ्यात जास्त व्हॅनमध्ये चाललं होतं. जाताना-येताना मिळून सव्वा तास, काचा बंद, गाणी लावलेली. दुसऱ्या दिवशी खाली उतरून व्हॅनकाकांना फक्त म्हटलं, "याला गाडी लागते, पुढे घ्या." त्यांनी आपल्या शेजारी बसवलं. तो सोमवार पहिला सोमवार होता की पोटात दुखलं नाही.

मग त्याच्या परवानगीने पत्र लिहिलं. दोन ओळी त्यानेच काढायला लावल्या, त्यात एका मुलाचं नाव होतं. म्हणाला, तो फक्त हसतो. जुईताई, तेव्हा तुमची आठवण झाली.

मुख्याध्यापिकांनी वेळ दिला. समोरासमोर बसवूया, असं त्याही म्हणाल्याच. मी नको म्हटलं आणि कारण सांगितलं. त्यांना आवडलं नाही, पण ऐकलं. मॅडमशी वेगळी बोलले. ‘सुधारलीय’ शब्द मला कसा लागला ते सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, त्यांचं माहेर सांगलीकडचं, डीएडला आल्यावर त्यांनीही आपलं बोलणं असंच घासून काढलं होतं. त्यांनी केरसुणीचा तास घेतला. माझ्या मुलाने हात वर केला नाही. घरी येऊन मात्र सांगितलं, "एक मुलगी ‘साळुता’ म्हणाली, कोणी हसलं नाही."

‘रायला’ थांबलेलं नाही. कमी झालंय. दोघांनी सोडलं, एक जण अजून म्हणतो. डबा अर्धा संपतो. आजीशी तो अजून ‘तुला, मला’च बोलतो, आणि मी त्याला काही म्हणत नाही. वहीतलं ते पान त्याने फाडलेलं नाही, मीही हात लावला नाही. मुख्याध्यापिकांना १२ तारखेला परत भेटायचं ठरवून आलेय. उत्तररेषा, ‘पुन्हा विचारणं’ तुमच्याकडून घेतलं.

---

मीराची_आई | १ डिसेंबर, सकाळी ११.२०

दोन दिवस धागा वाचतेय. माझी मुलगी आठवीत. तिला कोणी चिडवत नाही, मारत नाही. मुलींनी तिला वगळून नवा व्हॉट्सॲप ग्रुप केला आणि तेव्हापासून तिच्याशी कोणी बोलत नाही. ती बाकावर येऊन बसली की बाकीच्या उठून जातात. शाळेला काय सांगू? कोणी काही ‘केलेलं’च नाही म्हणतील.

---

वऱ्हाडची_लेक | १ डिसेंबर, दुपारी १.१५

ताई, बोलणं बंद करणं हेही करणंच आहे. मुद्दाम आहे, रोज आहे, आणि ती एकटी आहे, वर दिलेल्या तिन्ही खुणा लागू पडतात. शाळेला लिहाच, पण आजच नको. आज फक्त ती मधल्या सुट्टीत डबा कुठे बसून खाते, तेवढंच विचारा. मग इथे लिहा, आपण बघू.